मदत हवी आहे: जपानमधली तादामी रेल्वेलाइन, आईबाबांना घेऊन एका दिवसात जमेल का?

नमस्कार मंडळी, आम्ही तोक्योत राहतो आणि ऑक्टोबरच्या शेवटी आईबाबा पहिल्यांदाच इकडे येतायत. बाबा इगतपुरीच्या लोको शेडमधून रिटायर झालेत, त्यांना मी तादामी नदीवरच्या पहिल्या पुलाचा फोटो पाठवला तर व्हिडिओ कॉलवर चष्मा कपाळावर सरकवून, दोन बोटांनी फोटो मोठा करत ते कमानीचं लोखंडच बघत बसले, बाकी कशाबद्दल बोललेच नाहीत. त्यामुळे ही ट्रिप करायचीच आहे.

ही लाइन आइझु-वाकामात्सु ते कोइदे १३५ किमी आहे पण पूर्ण जाणाऱ्या गाड्या दिवसाला तीनच, पहाटे सहाच्या सुमारास एक आणि मग थेट दुपारी एकनंतर. तोक्योहून शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) कोरियामा आणि पुढे लोकल असं त्याच दिवशी निघालो तर दुपारचीच मिळते, आणि त्या दिवसांत पाचच्या आतबाहेर अंधार पडतो म्हणजे तादामी स्टेशनच्या पुढचं काहीच दिसणार नाही. म्हणून आदल्या रात्री वाकामात्सुला राहून पहाटेची पकडायची का? सकाळी नदीवर धुकं असतं म्हणतात, ते ऑक्टोबरअखेर पानं रंगलेली असताना पण असतं का?

दुसरं म्हणजे बाबांना पुलावरून जायचंय आणि पुलावरून जाणारी गाडी लांबून बघायची पण आहे. मिशिमा गावच्या मिचि-नो-एकीजवळून (रस्त्याकडेच्या विश्रांतीथांब्याजवळून) व्ह्यू पॉइंटला ज्या पायऱ्या जातात त्या आईच्या गुडघ्यांना झेपतील का? खालच्या टप्प्यावरून पूल नीट दिसतो का? मियाशिता स्टेशनवरून तिथपर्यंत टॅक्सी मिळते का, की आधी फोन करून ठेवावा लागतो?

कोइदेकडे जाताना खिडकी कुठल्या बाजूची धरावी, डब्यात टॉयलेट असतं का, हेही सांगा. आई मासे खात नाही आणि सोबा नूडल्सच्या रश्शात दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतोच, त्यामुळे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेणार आहे, साध्या गाडीत डबा उघडला तर चालतं ना?

२०११ च्या पुरात या लाइनवरचे काही पूल वाहून गेले, कावागुची ते तादामी या स्टेशनांमधली गाडी अकरा वर्षं बंद होती आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये परत सुरू झाली. हे बाबांना सांगितल्यापासून ते रोज विचारतायत, नवीन पूल कुठले ते गाडीतून ओळखू येतात का. कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, वाकामात्सुची खोली या आठवड्यात बुक करायची आहे.