अंगकोर वाट: आईसोबत दीड दिवस, पास कुठला घ्यावा?

चाळीसगावकर
राम राम मंडळी. डिसेंबरात आईला (वय ६८, गुडघे दुखतात) घेऊन कंबोडियाला जायचंय. अंगकोर वाटच्या देवळाजवळच्या सिएम रीप शहरात दीड दिवस. तिकीट दारात मिळतं का? आणि आईला वरपर्यंत चढवेल का?

तापीकाठ
दारात मिळत नाही भाऊ. तिकीटघर देवळापासून लांब, वेगळ्या रस्त्यावर आहे; थेट गेलात तर नाक्यावरून टुकटुक परत फिरवतात. पासवर तुमचा फोटो असतो, दुसऱ्याला चालत नाही. एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. दीड दिवसाला एका दिवसाचाच पास पुरतो: संध्याकाळी पाचनंतर खिडकीवर उद्याचा पास काढला, की त्याच संध्याकाळीही आत सोडतात. मात्र खिडकी साडेपाचला बंद. नवं विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब आहे, तो वेळ धरा. डॉलर कोरे न्या. जराशी चीर गेलेली नोट कुणी घेत नाही.

सातपुड्याकडचा
वरच्या मजल्याचा आग्रह धरू नका. मूळ दगडी पायऱ्यांवर कठड्याचा लाकडी जिना बसवलाय, पण तो इतका उभा की उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. तुम्ही जाणार असाल तर खांदे-गुडघे झाकलेले हवेत. नुसती ओढणी चालत नाही, बाह्याच लागतात. बौद्ध उपोसथाला (व्रताच्या पवित्र दिवशी) तो मजला बंद असतो.

आईंचं खरं काम खालच्या ओवऱ्यांत, तिथे भिंतींवर कथा कोरल्यात. पश्चिमेच्या दारातून आत शिरून उजवीकडे वळा, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. आधी कुरुक्षेत्र; शरपंजरी भीष्म डाव्या अंगाला, वरच्या बाजूला शोधा. दक्षिणेला देऊळ बांधणारा राजा सूर्यवर्मन आणि स्वर्ग-नरक, मग पूर्वेला समुद्रमंथन: जवळपास ४९ मीटर लांब, मधोमध विष्णू, खाली कूर्म. फिरून पुन्हा पश्चिमेला आलात की लंकेची लढाई. माहितगार लागतच नाही, आई तुम्हालाच सांगतील.

चाळीसगावकर
मग सूर्योदय सोडायचा का?

तापीकाठ
आईसोबत, हो. देवळाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य कळसांमागून उगवतो. तळ्याकाठी जागा धरायला पाचला दारात लागतं, वर ढग असले तर नुसता करडा उजेड. साडेसातला पोचा. गर्दी तेव्हा नाश्त्याला पांगलेली असते आणि पश्चिमेच्या ओवऱ्या सावलीत. फक्त खंदकावरचा पूल १९० मीटर, पुढे साडेतीनशे मीटर उघडी फरसबंदी, तेव्हा छत्री घ्या. ऊन जळगावएवढं नसलं तरी हवा दमट. घाम वाळत नाही.