आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेला, इंग्रजी येत नाही. मुंबई–दोहा–शिकागो–कोलंबस जमेल का?

कृष्णाकाठ
आई ६६, बाबा ७१. मराठी आणि कामापुरती हिंदी. इंग्रजी वाचता येत नाही. बाबा अक्षरं ओळखतात, तेवढंच. बी१/बी२ व्हिसा झालाय, तिकीट काढायचंय. डोळ्यासमोर आहे ते एकाच पीएनआरवरचं मुंबई–दोहा–शिकागो–कोलंबस. दोहाला साडेतीन तास, शिकागोला तीन. सोबत कोणी नाही. व्हीलचेअर मागावी का? दोघं चालते-फिरते आहेत आणि बाबांना खुर्चीत बसणं कमीपणाचं वाटतं. इमिग्रेशनची उत्तरं पाठ करून घ्यावीत का?

लगेजटॅग
दोहाची नको, शिकागोची काळजी करा. दोहात बॅगा आपोआप पुढे जातात, इमिग्रेशन नसतं. एक सिक्युरिटी आणि गेट शोधणं एवढंच. शिकागो हा अमेरिकेतला पहिला विमानतळ, त्यामुळे मुंबईत कोलंबसचा टॅग लागला असला तरी बॅगा तिथे पट्ट्यावरून उतरवून घ्याव्या लागतात. टर्मिनल ५ला उतरायचं, इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स, दाराबाहेर लगेच त्या बॅगा परत द्यायच्या, मग विमानतळाच्या आतल्या ट्रेनने टर्मिनल ३ आणि तिथे पुन्हा सिक्युरिटी. "टॅग तर पुढचा आहे" म्हणून बॅगा न घेता पुढे जाणारे बरेच असतात. बॅगा तिथेच राहतात.

इमिग्रेशनची रांग लांबली तर तीन तास पुरत नाहीत. दोन मार्ग सुचवतो. एक, तिकीट शिकागोपर्यंतच काढा आणि तुम्ही गाडी घेऊन जा, सहा तासांचा रस्ता आहे. दोन, शिकागो–कोलंबस त्याच विमानाचं तुमचंही तिकीट काढा, टर्मिनल ५च्या अरायव्हल दारात उभे राहा आणि पुढे तिघं मिळून जा. मला दुसरा जास्त पटतो. पण तिकीट कोलंबसचं काढून शिकागोलाच उतरवून घ्यायचं, हे अजिबात करू नका. एक टप्पा सोडला की पुढचे सगळे, परतीचेसुद्धा, रद्द होतात.

गेटक्रमांक
व्हीलचेअर मागा. खुर्ची ढकलणारा माणूस मिळावा म्हणून ती मागायची, असं बाबांना सांगून बघा. बुकिंगमध्ये डब्ल्यूसीएचआर हा कोड हवा: जिने चढता येतात, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचसी पडला तर जागेवरून हलता न येणारा प्रवासी समजतात आणि नसते प्रश्न येतात. निदान ४८ तास आधी नोंदवा, तेही दोघांच्या नावावर वेगवेगळं. एकाचीच नोंद असली की दुसरा मागून धावतो.

गडबड होते ती शेवटच्या टप्प्यात. शिकागो–कोलंबस भागीदार कंपनीचं विमान असतं, तिचा सहा अक्षरी पीएनआर वेगळा असतो आणि विनंती तिथे पोचलेली नसते. तो पीएनआर मागून घ्या आणि त्या कंपनीला स्वतंत्र फोन करून खात्री करा.

दोहात खुर्चीवाल्यांना एका ठिकाणी बसवून मदतनीस निघून जातो. तो परत येईल म्हणून म्हातारी माणसं मुकाट बसून राहतात. बोर्डिंगच्या तासभर आधी काउंटरवर जाऊन पास दाखवायचा, हे पक्कं करून घ्या. आणि तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतात, पासवर वेळ तिथलीच छापलेली असते. बाबांचं मनगटी घड्याळ विमानातच मागे करायला सांगा.

साधीचप्पल
थोडा विरोध नोंदवतो. धडधाकट माणसांनी खुर्च्या अडवल्या की गुडघे गेलेल्यांना थांबावं लागतं. आधी 'मीट अँड असिस्ट' मिळतं का विचारा. दोहात अल महा नावाची सेवा पैसे घेऊन विमानातून उतरल्यापासून पुढच्या गेटपर्यंत माणूस देते. ते जमलं नाही तर खुर्ची.

लगेजटॅग
तत्त्व मान्य. पण शिकागोत इमिग्रेशनच्या आत तो माणूस मिळण्याची सोपी सोय खुर्चीच आहे.

खिडकीकडची
इमिग्रेशनची उत्तरं पाठ करून घेऊ नका. पाठ केलेलं वाक्य ऐकलं की अधिकारी पुढचं इंग्रजीत विचारतो आणि मग "येस, येस" सुरू होतं. न कळलेल्या प्रश्नाला "येस" हीच सगळ्यात महाग चूक. एवढंच शिकवा: "नो इंग्लिश. मराठी प्लीज." अधिकारी फोनवरून दुभाषा घेऊ शकतात, हिंदीचा पटकन मिळतो, तोही चालेल.

प्रश्न ठरलेले असतात. कशाला आलात, कुणाकडे, किती दिवस, पैसे किती, खायचं काय आणलंय. दिवस सांगताना परतीच्या तिकिटाशी मेळ हवा. तिकीट तीन महिन्यांचं आणि तोंडी "सहा महिने" असं नको. मुलाला भेटायला आलोय तर तेच सांगायचं. घरात बाळ असेल तर "सांभाळायला आलोय" हे भाषांतरात नोकरीसारखं ऐकू जातं.

बोटांचे ठसे घेतात. शेतात, भांड्यात झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनला लागत नाहीत, मग तीन-तीनदा दाबायला लावतात. विमानातून उतरताना दोघांनी हाताला थोडं क्रीम चोळावं.

कृष्णाकाठ
फार उपयोगी. दोघांच्या मिळून २३ किलोच्या चार बॅगा होतायत. चालेल ना?

गेटक्रमांक
नियमात चालेल, पट्ट्यावर नाही. चार बॅगा ७१ वर्षांचा माणूस उतरवणार कसा? मदतनीसाचे दोन्ही हात खुर्चीला. दोनच न्या आणि हँडलला लाल साडीचा काठ बांधा; काळ्या बॅगांच्या गर्दीत तोच दिसतो.

खिडकीकडची
आत काय भरताय तेही बघा. चिवडा, लाडू, दळलेला मसाला नेता येतो. कढीपत्ता, ताजी फळं, बियाणं, मटण नको. सुकं खोबरं तेलकट म्हणून पेट घेतं, त्यामुळे मुंबईतच काढून ठेवतात. खायचं आहे का विचारलं तर "येस, फूड" म्हणायचं. सांगितलेली वस्तू फार तर टाकून देतात, लपवलेलीवर दंड होतो. मार्ग बदलून दुबई किंवा अबू धाबी केलात तर खसखस अजिबात नको, अनारशांवरचीसुद्धा. तिकडे ती अमली पदार्थांत मोडते.

शाकाहारी असतील तर जेवणाचा कोड एव्हीएमएल, म्हणजे आपल्याकडच्या पद्धतीचं शाकाहारी. व्हीजीएमएल घेतलंत तर उकडलेल्या भाज्या येतात.

साधीचप्पल
फोनचं राहिलं. दुबईत व्हॉट्सॲप कॉल बंद असतात. दोहातही त्या भरवशावर राहू नका. व्हॉइस मेसेज जातात. आईंना मायक्रोफोनचं बटण दाबून बोलायचा आठवडाभर सराव द्या. गेट बाबांनी शोधायचं: दोहात आधी अक्षर येतं, मग आकडा. अक्षर वाचायची गरज नाही, पडद्यावर विमानाचा नंबर जुळवायचा आणि त्यापुढचं गेटचं अक्षर-आकडा चित्रासारखं कागदावर उतरवून फलकाशी ताडायचं. गेट बदलतं, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं.

विमानातल्या संडासाचं दार मध्यभागी ढकललं की दुमडून आत जातं. कडी सरकवली की दिवा मोठा होतो. अंधार वाटला तर कडी लागलेली नाही. आत पाण्याचा फवारा नसेल असं धरून चाला. सिक्युरिटीनंतर भरून घेतलेली छोटी बाटली आईंच्या पर्समध्ये असू द्या.