टँकमधली झाडं वितळतायत, मदत हवी आहे (लवकर सांगा)

खिडकीतला टँक:
नमस्कार. दोन फुटी माशांचा टँक आहे. प्लास्टिकची झाडं काढून गेल्या महिन्यात खरी लावली. आता पानं काचेसारखी होऊन गळतायत. काहींचा देठ खालून काळा पडून हातात येतो. काचेवर तपकिरी थर. दुकानदाराने झाडांसाठी लिक्विड कार्बन नावाचं औषध दिलं, ते रोज टाकतेय. तरी लांब गवतासारखं जे होतं ते आठवड्यात साफ संपलं. अजून काय टाकू? "धीर धरा" असं प्लीज सांगू नका. रविवारी पाहुणे आहेत आणि टँक हॉलमध्ये आहे.

जुना मत्स्यप्रेमी:
ताई, झाडं कोणती? लाईट किती तास? पाणी नळाचं की बोअरचं? खाली वाळू की खडे? मासे कोणते? काहीच सांगितलं नाही तर काय टाका म्हणून सांगणार? फोटो टाका.

खिडकीतला टँक:
नावं माहीत नाहीत, सहा प्रकारांचं मिक्स पाकीट होतं. लाईट टँकसोबत आलेला, सकाळी लावते, झोपताना बंद. पाणी आम्ही वापरतो तेच. फोटो टाकलाय, थोडा हललाय.

सीओटू_सातपूर:
कार्बन डायऑक्साइड नाही, तिथे झाडं नाहीत. दोन लिटरच्या बाटलीत साखर, कोमट पाणी, चिमूटभर यीस्ट. झाकणातून नळी काढा, टोकाला डिफ्यूझर, म्हणजे गॅसचे बारीक बुडबुडे करणारा. माझ्याकडे रोटाला हे पाण्यातलं झाड लालबुंद आहे. बाकी सगळं नंतर.

जुना मत्स्यप्रेमी:
यीस्टची बाटली रात्री बंद होते का? लाईट बंद झाल्यावर झाडं कार्बन डायऑक्साइड घेत नाहीत, उलट ऑक्सिजन वापरतात, आणि बाटलीतून गॅस येतच राहतो. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात ते त्यामुळे. सिलिंडर आणि टायमर असेल तर गोष्ट वेगळी. नवख्या टँकमध्ये हे आत्ता नको.

सीओटू_सातपूर:
रात्री एअर पंप लावायचा. माझा एकही मासा गेला नाही.

द्राक्षबाग_निफाड:
खत काय देता? पानांना भोकं पडत असतील तर पोटॅश कमी. आमच्याकडे बागेसाठी १३:००:४५ असतंच, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. टँकच्या खताच्या महागड्या बाटल्यांतही बहुतेक तेच विरघळवलेलं असतं. ५० लिटरला पाऊण ग्रॅमच्या थोडं वर टाकलं की नायट्रेट साधारण १० पीपीएमने (लिटरमागे १० मिलिग्रॅमने) वाढतं. ००:५२:३४ फॉस्फेटसाठी, तेही अगदी चिमटीभर. मात्र १९:१९:१९ कधीच टाकू नका. त्यात युरिया आणि अमोनिया असतो, मासे जातात. आणि ज्या बादलीत बोर्डो (फवारणीचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण) कालवलं ती टँकजवळ आणूच नका. मोरचुदाचं तांबं गोगलगायी आणि झिंगे मारतं.

खिडकीतला टँक:
भोकं नाहीत हो. पानं वितळतायत.

म्हसरूळची बाग:
फोटो मोठा करून पाहिला. डावीकडची हिरवी पानं, पांढऱ्या काठाची, ती लकी बांबूचीच पट्टेवाली जात, ड्रॅसिना. उजवीकडची जांभळट, सुरकुतलेली पानं हेमिग्राफिसची. ही दोन्ही पाण्यातली झाडं नाहीतच. घरात कुंडीत वाढणारी आहेत. पूर्ण बुडवली की काही आठवडे ताजी दिसतात, मग खालून सडतात. तुमचा काळा देठ तोच. आजच उपटा, सडलेला भाग कापा, वरचा शेंडा कुंडीत लावा. जगतील.
हे विकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. माणूस हौसेने पहिल्यांदा खरी झाडं लावतो आणि त्याला वाटतं आपल्या हाताला यशच नाही.

खिडकीतला टँक:
म्हणजे सहातली दोन खोटीच? आणि ते गवत?

म्हसरूळची बाग:
लांब रिबिनीसारखी पानं असतील तर व्हॅलिसनेरिया. ते लिक्विड कार्बनने गेलं. त्यात ग्लुटारल्डिहाइड असतं, दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करतात तेच. शेवाळ मारतं हे खरं, पण व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट आणि नाजूक मॉसला सोसत नाही. बंद करा. मुळं खाली जिवंत असतील तर नवी पात येईल, खणू नका.

वास्तुजिज्ञासू:
टँक कोणत्या दिशेला आहे? ईशान्य किंवा उत्तर असावी. आग्नेयेला पाणी असेल तर झाडं टिकत नाहीत असा माझा अनुभव आहे.

जुना मत्स्यप्रेमी:
दिशेचं एकच बघा, पश्चिमेच्या खिडकीचं ऊन थेट टँकवर येतंय का. नाशिकचा एप्रिल-मे आता चाळिशी गाठतो. पाणी ३०-३१ च्या वर गेलं की क्रिप्टोकोरिनसारखी झाडं थकतात, शेवाळ मात्र वाढतं. तुमचं नाव इथे "खिडकीतला टँक" आहे म्हणून विचारतोय.

खिडकीतला टँक:
खिडकी पूर्वेची आहे, पडदा असतो. वास्तूचा प्रश्न नव्हता माझा. पुढे काय करू ते सांगा.

गंगापूररोड:
अजून पाण्याचं उत्तर आलेलं नाही. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी बरंच मऊ असतं, एक दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडतं. पण पाथर्डी फाटा, इंदिरानगर भागातल्या बऱ्याच सोसायट्यांत बोअर किंवा टँकर मिसळतात. नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो का?

खिडकीतला टँक:
पाथर्डी फाटाच. हो, धरतो. गिझरची कॉइलसुद्धा बदलली. सोसायटीत सॉफ्टनर आहे पण.

गंगापूररोड:
सॉफ्टनरनंतरचं पाणी घेऊ नका. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याच्या जागी सोडियम घालतो, झाडांना त्याचा उपयोग नाही. सॉफ्टनरच्या आधीचा नळ मिळत असेल तर तो बरा. आणि खालचे खडे पांढरे दिसतायत. दोन खडे वाटीत घेऊन वर व्हिनेगर घाला. फसफसलं तर संगमरवर आहे, हळूहळू विरघळून पाणी अजून जड करतो. सगळे बदला.

सीओटू_सातपूर:
आरओचं पाणी घ्या ना. निम्मं निम्मं.

म्हसरूळची बाग:
कशाला? एका लिटर आरओमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं, उन्हाळ्यात तेच पाथर्डीला टँकरने आणायचं? जड पाणी आहे तर जड पाण्यातली झाडं लावा. व्हॅलिसनेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतं, म्हणून जड पाण्यात, बिना गॅसचं, जोमाने वाढतं. क्रिप्टोकोरिन वेंडटी, हॉर्नवर्ट, अनुबियास, जावा फर्न सगळी चालतात. पाणी बदलत बसण्यापेक्षा झाड बदलणं स्वस्त आणि टिकाऊ. मी कितीतरी जणांना हे सांगते, पण लोकांना इंटरनेटवरचा लाल झाडांचा गालिचाच हवा असतो.

गंगापूररोड:
पटलं, पण संगमरवराच्या मोठ्या खड्यात मुळं धरत नाहीत, घाण मात्र साठते. दोन-तीन मिलिमीटरची गोल वाळू हवीच.

द्राक्षबाग_निफाड:
वाळूखाली इंचभर काळी माती घाला, बाजारी सॉइलची गरज नाही.

जुना मत्स्यप्रेमी:
काळी कापसाची माती फुगते आणि एक झाड उपटलं की सगळा टँक गढूळ. पोयट्याची चाळलेली माती, वर दोन इंच वाळू, असं असेल तर चालेल. मासे कोणते ते अजून कळलेलं नाही!

खिडकीतला टँक:
गोल्डफिश. चार. मासे मस्त आहेत, म्हणून नाही सांगितलं.

जुना मत्स्यप्रेमी:
अहो ताई! गोल्डफिश मऊ पानं खातात आणि वाळू उकरून झाडं उपटतात. निम्मं "वितळणं" त्यांच्या पोटात गेलं असेल. मातीचा थर आता विसरा, ते दोन दिवसांत वर काढतील. दोन फुटात पूर्ण भरून पन्नास-पंचावन्न लिटर पाणी, चार गोल्डफिशना ते तसंही कमी आहे.

नवा_देवळाली:
मध्येच विचारतो, माझ्या टँकमध्ये झाडांबरोबर बारीक गोगलगायी आल्या, शेकड्याने वाढल्यात. औषध आहे का?

द्राक्षबाग_निफाड:
औषध नको. खाणं कमी टाका. रात्री काकडीची चकती सोडा, सकाळी गोगलगायींसकट उचला.

रानवाटा:
विकत कशाला घेता? नांदूर मध्यमेश्वरला हायड्रिला भरपूर आहे. पिशवीभर आणा, गोल्डफिशना खायलाही होईल.

म्हसरूळची बाग:
कृपया नको. ते पक्षी अभयारण्य आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथलं काही उचलायचं नाही. शिवाय रानातल्या वनस्पतीबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, त्या लहान मासे खातात. आणि उलटंही सांगते, टँकमधली छाटणी गोदावरीत टाकू नका. पाणवेलीने नदीचं काय झालंय ते आपण दरवर्षी बघतो. सुकवून कुंडीत घाला.

रानवाटा:
गावातल्या शेततळ्यातून आणलं तर?

म्हसरूळची बाग:
मालकाला विचारून, आणि तुरटीच्या पाण्यात दोन तास बुडवून, नीट धुऊन. तेवढं चालेल.

खिडकीतला टँक:
व्हिनेगर टाकलं, फसफसलं. लकी बांबू कुंडीत गेला. आता नेमकं काय आणू? एकच यादी द्या, प्रत्येकजण वेगळं सांगतोय.

म्हसरूळची बाग:
अनुबियास आणि जावा फर्न. दोन्हींची पानं जाड, गोल्डफिश सहसा सोडून देतात. त्यांचं आडवं जाड खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की सडतं. दगडाला किंवा लाकडाला काळ्या दोऱ्याने बांधा, मुळं आपोआप धरतात. वर हॉर्नवर्ट तरंगत सोडा, थोडं खाल्लं तरी ते वाढून पुरतं. व्हॅलिसनेरिया हवंच असेल तर छोट्या मातीच्या कुंडीत वाळू भरून लावा, वरून गोटे ठेवा, म्हणजे उकरता येणार नाही.
लाईट सात तास, टायमरवर. तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा आहे, नव्या टँकमध्ये येतोच, स्पंजने पुसा. गळलेली पानं रोज काढा, ती कुजून अमोनिया करतात. दर आठवड्याला पाव पाणी बदला. नवीन अनुबियासचीही दोन-चार पानं जाऊ शकतात, कारण रोपवाटिकेत ती पाण्याबाहेर वाढवलेली असतात. खोड टणक असेल तर काढू नका.

सीओटू_सातपूर:
अनुबियासची पानं फार हळू वाढतात, त्यावर काळं शेवाळ बसतं. बघा.

म्हसरूळची बाग:
म्हणून सावलीत, हॉर्नवर्टखाली.

खिडकीतला टँक:
ठीक आहे. खडे रविवारच्या आधी काढू की नंतर? सगळे एकदम काढले तर मासे कुठे ठेवू?

जुना मत्स्यप्रेमी:
नंतर, आणि एकदम नाही. खड्यांवर अमोनिया पचवणारे जिवाणू असतात. दर आठवड्याला एक-तृतीयांश काढा, फिल्टरचा स्पंज त्या काळात नळाखाली धुऊ नका, टँकच्याच पाण्यात पिळा. रविवारसाठी अनुबियास दगडाला बांधून मधोमध ठेवा आणि काच पुसा.