एसएलएस आणि वारंवार तोंड येणं
एसएलएस म्हणजे सोडियम लॉरिल सल्फेट, शाम्पू-टूथपेस्टला फेस आणणारा घटक. त्याने कॅन्सर होतो असं काही जण म्हणतात, त्याला पुरावा नाही. पण म्हणून ते अगदी निर्धोक, हेही मला पटत नाही. त्वचेचा दाह अभ्यासायचा असतो तेव्हा संशोधक तो मुद्दाम घडवायला एसएलएसचंच पातळ द्रावण लावतात! अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ समितीने १९८३ मध्येच सांगितलं होतं की लावून लगेच नीट धुवायचं असेल तर चालेल, अंगावर राहणाऱ्या उत्पादनात १ टक्क्याच्या वर नको. शाम्पू दोन मिनिटांत धुतला जातो, म्हणून बहुतेकांना त्रास होत नाही.

टूथपेस्टमधल्या एसएलएसबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मला दर महिन्या-दीड महिन्याला तोंड यायचं. खालच्या ओठाच्या आत पांढरा फोड, साधं पाणीही झोंबायचं. दंतवैद्यांनी ट्यूब उलटी करून घटकांच्या यादीत 'सोडियम लॉरिल सल्फेट' दाखवलं आणि ते नसलेली पेस्ट घ्यायला सांगितलं. फेस अगदीच कमी, पहिला आठवडा दात घासल्यासारखंच वाटेना. पण त्यानंतर फोड खूपच कमी झाले. सगळ्यांना गुण येईलच असं नाही, तरी ज्यांना सारखं तोंड येतं त्यांनी दोनतीन महिने करून बघाच. यादी वाचताना 'सोडियम लॉरिल सल्फेट' आणि 'सोडियम लॉरेथ सल्फेट' यांत गल्लत करू नका, लॉरेथ हा वेगळा घटक आहे आणि त्यामानाने सौम्य असतो.