स्वागतसमारंभात आजीची पितळी भांडी आणि काकांचा तिकीट-पंच कसा वापरावा? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न येत्या डिसेंबरात एका रविवारी आहे. विधी सकाळी दोन्ही घरांतल्या मोजक्या माणसांत होतील आणि त्याच संध्याकाळी दादरच्या एका सभागृहात सुमारे २८० पाहुण्यांसाठी स्वागतसमारंभ ठेवला आहे. सभागृह सात ते साडेदहा एवढ्याच वेळेपुरते आमचे आहे. सजावट करणाऱ्यांना दुपारी चार वाजता आत सोडतात, कारण त्याआधी तिथे दुसऱ्या कुणाचे तरी लग्न असते. सजावटीसाठी आम्ही ८०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. केटरर मात्र सभागृहाने नेमलेलाच घ्यावा लागतो.

सभागृहाच्या डेकोरेटरने आम्हाला त्याचा अल्बम दाखवला. पाने उलटत गेलो तसे वधूवर बदलत गेले, पण त्यांच्यामागची भिंत, तो सोनेरी सोफा आणि दोन बाजूंचे कृत्रिम फुलांचे खांब तेच राहिले. नावांची आद्याक्षरे थर्माकोलमध्ये कापून देतो, असेही तो म्हणाला. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे याची आठवण करून दिल्यावर ‘सगळेच लावतात’ एवढेच उत्तर मिळाले. मंचाची चौकट, पडदे आणि खुर्च्या त्याच्याकडूनच घ्याव्या लागतील. बाकीचे आपल्या घरातले असावे असे बहिणीच्या मनात आहे आणि ते जमवण्याचे काम थोरली म्हणून माझ्याकडे आले आहे.

घरातले म्हणजे काय, ते सांगते. आमची आजी, म्हणजे आईची आई, आता ८४ वर्षांची आहे. १९६८ पासून तिने लालबागच्या चाळीत खानावळ चालवली. कोकणातून आणि घाटावरून आलेले, कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहणारे गिरणी कामगार पाळ्यांच्या वेळा सांभाळून अशा खानावळींत जेवत आणि पगार झाला की महिन्याचे पैसे चुकते करत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, ते अशाच खानावळवाल्या बायकांना सोबत घेऊन. आजीकडे भरात असताना ३५ माणसे जेवत असत. त्या वेळच्या दोन मोठ्या पराती, चार पितळी डबे, एक हंडा, दहा तांबे आणि आमटीची ओगराळी अजून माळ्यावर आहेत.

मुलाकडे सांगायची गोष्ट वेगळी आहे. त्याचे वडील, ज्यांना आम्ही काका म्हणतो, मुंबईच्या बेस्ट बससेवेत ३१ वर्षे कंडक्टर होते. निवृत्त होताना पंच (तिकिटाला भोक पाडायचा चिमटा) आणि तिकिटांची पेटी आगारात जमा करावी लागली, तेव्हा त्यांनी पुढे चोरबाजारात जाऊन तसाच एक जुना पंच आणि पत्र्याची पेटी स्वतःच्या पैशाने विकत घेतली. आम्ही त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा चहाच्या आधी त्यांनी आम्हाला तो पंच वाजवून दाखवला होता.

आता माझी अडचण. मी उत्साहाच्या भरात आधी एक आराखडा केला आणि तो दोन्हीकडे आपटला. आजीच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत. त्यांतली काही पाने मोठी करून प्रवेशद्वाराशी लावावीत, मागे पराती टांगाव्यात, असे मी ठरवले होते. आजीने वही हातातून काढूनच घेतली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरच्या पानांवर नावांपुढे फक्त बाकी लिहिलेली आहे. ती तिने कधी मागितली नाही. ‘लोकांची उधारी चारचौघांत मांडायची नसते,’ असे ती म्हणाली. त्या नावांपैकी काहींची मुले आमच्या पाहुण्यांच्या यादीत आहेत, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. भांड्यांबद्दलही तिचे म्हणणे असे की भांडी शोभेला नसतात, लावायचीच असतील तर त्यांतून वाढा. काकांनी पेटी-पंच मांडण्याला सरळ नाही म्हटले नाही, पण ‘त्या दिवशी मी व्याही म्हणून उभा राहायचे की कंडक्टर म्हणून?’ असे हसत विचारले आणि त्या हसण्याने मी गप्प झाले.

त्यामुळे आता मी एक नियम धरला आहे. वस्तू नुसती मांडायची नाही, ती त्या संध्याकाळी कामाला लागली पाहिजे आणि ज्याची आहे त्याला ते पटले पाहिजे. हे कुठे करावे याचाही विचार झाला आहे. आपल्याकडचा स्वागतसमारंभ म्हणजे खरे तर रांग असते. २८० माणसे म्हणजे साधारण ९५ कुटुंबे. प्रत्येकाने मंचावर येऊन भेटायला आणि फोटो काढायला दीड मिनिट घेतले तरी जवळजवळ अडीच तास लागतात. साडेआठच्या सुमारास आलेला पाहुणा वीस मिनिटे समोरच्याच्या पाठीकडे बघत उभा राहतो. टेबलांना नावे देण्याच्या, खुर्च्यांवर नावाच्या चिठ्ठ्या ठेवण्याच्या ज्या कल्पना सगळीकडे दिसतात त्या इथे निरुपयोगी आहेत, कारण बुफेला आपल्यातले कुणीही नेमून दिलेल्या जागी बसत नाही. म्हणून जे काही करायचे ते मंचापेक्षा रांगेच्या कडेने करावे, असे मला वाटते.

तेव्हा विचारायचे आहे ते असे. भांडी चाळीस वर्षांत वापरलेली नाहीत. त्यांतून वाढायचे तर काय करावे लागेल आणि केटररला कसे पटवावे? रांगेच्या कडेला काय ठेवता येईल, जे उभ्या माणसाला करता येईल आणि रांगही अडणार नाही? पितळ उठून दिसेल असा प्रकाश आणि फुले कोणती? आणि काकांना अवघडल्यासारखे न होता त्यांचा पंच कसा आणावा? आजीचे जुने फोटोही आहेत, सगळे कृष्णधवल आणि लहान आकाराचे.

प्रतिसाद १

ताई, मी परळला बचत गटातर्फे जेवणाच्या ऑर्डरी घेते, म्हणून भांड्यांपुरते सांगते. पितळेत तांबे आणि जस्त असते, आणि आंबट पदार्थ त्यात ठेवला की तो कळकतो, म्हणजे धातूमुळे बिघडतो. म्हणून सोलकढी, आमटी, कोशिंबीर, ताक, लिंबू पिळलेले काहीही कल्हई (आतून कथलाचा मुलामा) नसलेल्या पितळेत एका संध्याकाळपुरतेही ठेवू नका. कल्हई करायची तर ती शुद्ध कथलाचीच हवी. स्वस्तात करून देणारा कथलात शिसे मिसळत नाही ना, हे आधी विचारून घ्या. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथील आतून कापसाने फिरवतात, आणि हे काम आपल्यासमोर होते, त्यामुळे उभे राहून पाहता येते. पण तुमच्या सगळ्या भांड्यांना कल्हईची गरज नाही. परातींमध्ये बेसनाचे लाडू, डब्यांत चिवडा आणि विड्याचे सामान असे कोरडे पदार्थ ठेवा, म्हणजे नुसती घासून-पुसून चालतील. चिंचेने किंवा पितांबरीने घासल्यावर लगेच कोरड्या फडक्याने टिपा, नाहीतर पाण्याचे डाग दुसऱ्या दिवशी काळे दिसतात.

केटररला ‘आमच्या भांड्यांत वाढा’ असे म्हणू नका. एखादा पदार्थ बिघडला तर दोष कुणाचा, ही त्याची भीती असते आणि ती रास्त आहे. त्याऐवजी बुफेपासून वेगळे, रांगेच्या कडेला एकच टेबल मागून घ्या आणि तिथले कोरडे पदार्थ तुमचे, वाढणारी माणसेही तुमची, असे लेखी ठरवा. गरम भाकऱ्यांचा मोह मात्र टाळा. एका तव्यावर एक बाई तासाला २५ ते ३० भाकऱ्या करते. २८० माणसांना तुम्हाला तवेही पुरणार नाहीत आणि सभागृह आतमध्ये शेगडीही लावू देणार नाही.

प्रतिसाद २

मी लग्नांची छायाचित्रे काढतो, म्हणून प्रकाशाबद्दल. डेकोरेटर निळे-जांभळे दिवे देईल. ते लावू देऊ नका. जांभळ्या उजेडात पितळ राखेसारखे दिसते आणि माणसांचे चेहरेही. ३००० केल्विनच्या आसपासचे पिवळसर दिवे मागा आणि पांढऱ्या ट्यूबलाइट त्या बाजूच्या तरी बंद ठेवायला सांगा, कारण दोन रंगांचे प्रकाश एकत्र आले की फोटो नंतर सहजासहजी सुधारता येत नाहीत. जुन्या फोटोंच्या मूळ प्रती सभागृहात आणू नका. ६०० डीपीआयवर स्कॅन करून मॅट कागदावर मोठ्या प्रती काढा आणि काच लावू नका, नाहीतर फोटोऐवजी समोरचे दिवेच दिसतील. चार-पाच फोटो पुरेत. जास्त लावले की माणसे थांबून वाचत बसतात आणि रांग तुटते.

फुले दादरच्या फुलबाजारातून शनिवारी पहाटे, उजाडायच्या आत घ्या. तारीख मार्गशीर्षात येत असेल तर गुरुवारच्या महालक्ष्मीच्या पूजेमुळे बुधवार-गुरुवारी भाव चढलेले असतात, त्या दिवशी जाऊ नका. झेंडू, शेवंती आणि आंब्याचे डहाळे ओल्या गोणपाटात रविवारपर्यंत टिकतात. फुले खोचायला जो हिरवा फोम देतात तो प्लास्टिकचाच प्रकार आहे. तुमच्याकडे तांबे आहेत, त्यांत पाणी घालून निशिगंधाच्या काड्या ठेवा. तांब्यांना काम मिळेल, आजीही नाही म्हणणार नाहीत.

प्रतिसाद ३

मी स्वतः परिवहन सेवेतून निवृत्त झालो आहे. तुमच्या काकांच्या प्रश्नाचे उत्तर सजावटीत शोधू नका. त्यांनाच विचारा की पंच कोणी हाताळावा. आमच्यासारख्याला आपला डबा-पंच काचेआड ठेवलेला पाहून आपणच वारल्यासारखे वाटते, पण नातवंडांच्या हातात तो टिकटिक वाजला तर छाती फुगते. आणखी एक. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी गाड्या बंद) असतो. तो बहुधा दुपारी संपतो, पण गाड्यांचे वेळापत्रक सावरायला वेळ लागतो, तेव्हा डोंबिवली-कल्याणकडच्या मंडळींना साडेसातच्या आत बोलावू नका आणि साडेनऊनंतर अडकवून ठेवू नका. ध्वनिवर्धक दहाला बंद करावा लागतो का, हेही सभागृहाला आधी विचारून घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभरात बरेच ठरले.

काकांना मी तुमच्याच शब्दांत विचारले. ते थोडा वेळ बोलले नाहीत आणि मग म्हणाले की पंच त्यांच्या पुतणीच्या दोन मुलांनी मारावा, मात्र आधी त्यांच्याकडे शिकायला यावे, कारण हल्लीच्या मुलांचा अंगठा फक्त मोबाइलवर चालतो. रांग सुरू होते तिथे बसच्या तिकिटांच्या आकाराचे रंगीत कागद ठेवणार आहोत. पाहुण्याने त्यावर वधूवरांसाठी एक ओळ लिहायची, मुलांनी पंच मारायचा आणि तिकीट पत्र्याच्या पेटीत टाकायचे. लिहायला वेळ रांगेतच मिळतो, त्यामुळे रांग अडत नाही. तिकिटाचा मजकूर काकांनी स्वतः लिहून दिला. त्यात शेवटी ‘सुटे पैसे द्यावेत’ असे होते, पण पत्रिकेवर आम्ही ‘आहेर आणू नये’ असे छापले असल्यामुळे बहिणीने ते वाक्य अतिशय दुःखाने खोडले.

रांगेच्या मध्यावर आजीचे टेबल असेल. परातीत लाडू, डब्यांत चिवडा, तांब्यांत निशिगंध. आजी त्यामागे खुर्चीवर बसणार आहे आणि लाडू तीच देणार आहे. कुणाला एक आणि कुणाला दोन, हे ती ठरवील. वह्या घरीच राहतील. फोटो चार निवडले आहेत आणि चौथ्यात खानावळीतली पंगत आहे. तो लावू का, असे मी त्या पंगतीतल्या ज्यांचा पत्ता लागला त्या दोघांच्या मुलांना फोन करून विचारले. एकाने लगेच होकार दिला. दुसऱ्याने वडिलांचा तरुणपणाचा एकही फोटो घरात नाही, प्रत मिळेल का, असे विचारले.

एक गोष्ट मात्र अजून अडलेली आहे. हंड्यातून सोलकढी वाढावी असा आजीचा हट्ट आहे आणि त्यासाठी हंड्याला व दोन ओगराळ्यांना कल्हई हवीच. आमच्या भागात पूर्वी येणारा कल्हईवाला आता येत नाही. दादर, परळ किंवा लालबाग भागात अजून कुणी बसत असेल, किंवा भांडी नेऊन दिल्यास समोर उभे राहू देऊन काम करून देत असेल, तर कृपया ठिकाण आणि साधारण दर कळवावा. हंडा २० लिटरचा आहे आणि त्याच्या बुडाला एक जुना डाग दिलेला आहे, म्हणजे भोक झाळून बुजवलेले आहे. त्यावर कल्हई धरते का, हेही कुणी सांगू शकले तर बरे होईल.