लिडियाने अजून बोलावं का? स्कायरिममधल्या साथीदारांचे संवाद वाढवणारे मॉड्स, तुमचं मत काय

मी_सातारकर (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढतोय. स्कायरिम २०११ चा गेम, मी कॉलेजात असताना रूमवर पहिल्यांदा संपवला. अल्डुइन ड्रॅगनला मारलं, सोव्हनगार्ड नावाच्या परलोकातून परत आलो, म्हणजे अख्खं जग वाचवून आलो राव, आणि सरळ व्हाइटरन शहरातल्या माझ्या घरी, ब्रीझहोममध्ये गेलो कारण तिथे माझी साथीदार लिडिया होती. शेवटच्या मोहिमेला साथीदार नेता येत नाही, ड्रॅगनच्या पाठीवर एकट्यालाच जावं लागतं, तर मला वाटलं आता ही काहीतरी विचारेल. ती खुर्चीत बसून पाव खात होती. मी समोर उभा राहिलो तर पहिल्या दिवशी जे वाक्य बोलली होती तेच पुन्हा, थेनला, म्हणजे मानकरी झालेल्या मला, मान देणारं. झालं. साठ-सत्तर तास जी बाई माझं ओझं वाहत होती, दोनदा माझ्यासाठी गुडघ्यावर आली होती, तिला मी कुठे जाऊन आलो ते माहीतच नव्हतं.

तेव्हा फार वाईट वाटलेलं, आजही आठवतं.

म्हणून माझं मत ठाम आहे की साथीदारांचे संवाद वाढवणारे मॉड्स, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये घातलेली भर, ही चैन नाहीये, गेममध्ये राहिलेलं काम आहे ते. रिलेशनशिप डायलॉग ओव्हरहॉल (आर.डी.ओ.) टाकून बघा. पाच हजारांच्या वर ओळी आहेत आणि सगळ्या मूळ कलाकारांच्याच आवाजात, कारण गेममध्ये आधीच असलेल्या आवाजाच्या फायली शोधून, कापून, जोडून ते केलंय. नवरा-बायको नवरा-बायकोसारखे बोलतात, ज्याच्याशी वैर आहे तो वैऱ्यासारखा. आणि इनिगो! रिफ्टनच्या तुरुंगात बसलेला निळा खाजीत, म्हणजे मांजरमाणूस, सात हजारांवर ओळी, लिहिल्यात आणि बोलल्यात एकाच माणसाने. त्याच्याकडे बरणीत ठेवलेला एक चतुर किडा आहे, त्याच्याशीही तो गप्पा मारतो. गेम बनवणाऱ्या बेथेस्डाने पगारी माणसं लावून जे केलं नाही ते एका माणसाने फुकट केलं. ज्यांना हे मॉड्स नकोत त्यांनी का नकोत ते सांगा, मला खरंच समजून घ्यायचंय.

रानवेडी

मला नकोत. सांगते का ते.

तुला लिडिया गप्प वाटली, मला ती कमी बोलणारी वाटली, आणि हे दोन वेगळे आहेत. माझ्या आजोळी एक गडी होते, चाळीस वर्षं घरात, दिवसाला दहा शब्द बोलायचे नसतील, पण आजोबा गेले तेव्हा तेच तीन दिवस ओसरीवरून उठले नाहीत. लिडिया मला तशी दिसते. ती हाऊसकार्ल आहे, थेनच्या रक्षणाची शपथ घेतलेली, ओझं वाहायला सांगितलं की तिच्या त्या एका वाक्यात जो सूर लागतो ना, थोडा कंटाळलेला थोडा निष्ठेचा, त्या एका सुरावर मी माझी अख्खी लिडिया उभी केलीय. ती माझी आहे. तिचा भाऊ कुठे वारला, तिला बर्फ का आवडत नाही, हे सगळं मला माहितीये. आता तू मला पाच हजार ओळी दिल्यास तर माझी लिडिया जाते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यातली येते.

आणि आर.डी.ओ.बद्दल एक गोष्ट तू सांगितली नाहीस. स्कायरिममध्ये आवाज माणसागणिक नाहीत, साच्यागणिक आहेत. लिडियाचा जो आवाज आहे तोच अजून कितीतरी बायकांना आहे. मॉडमधली ओळ त्या साच्याला लावली की लिडिया जे जिव्हाळ्याने बोलली तेच चार दिवसांनी दुसऱ्या गावातली दुसरी बाई बोलते. तेव्हा जो विरस होतो त्यापेक्षा शांतता बरी.

नवीन पात्र आणा की, इनिगोला माझा काहीच विरोध नाही, तो ज्याने घडवला त्याचाच आहे. पण जे आहेत त्यांच्या तोंडात शब्द घालू नका.

थोरले_काका

रानवेडी ताई, मुद्दा मनापासून पटण्यासारखा आहे तरी मी विरोधात लिहिणार, कारण मी हे त्याच्याही आधी पाहिलंय.

बाल्डर्स गेट, पहिला, १९९८ चा. त्यात पंचवीस साथीदार होते पण एकदा बरोबर घेतले की जवळपास मुके. जाहिरा आणि खालिद नवरा-बायको, ती फटकळ, तो अडखळत बोलणारा, आणि अख्ख्या गेममध्ये दोघं एकमेकांशी बोलतात किती तर बोटावर मोजण्याइतकं. मग २००० साली दुसरा भाग आला आणि त्याच्या पहिल्याच तळघरात खालिदचं प्रेत सापडतं. जाहिरा तिथे कोसळते. मी तेव्हा ते वाचून पुढे गेलो, खालिद माझ्या लेखी चांगली ढाल धरणारा एक गडी होता, बस.

नंतर चाहत्यांनी बीजी १ एनपीसी प्रोजेक्ट केला. पहिल्या भागातल्या साथीदारांना एकमेकांशी गप्पा, भांडणं, स्वतःच्या छोट्या मोहिमा. तो टाकून मी पुन्हा सुरुवातीपासून खेळलो. वाटेत चालता चालता जाहिरा खालिदवर करवादते आणि तो अडखळत का होईना तिला हसवतो, असं तासन्‌तास ऐकून, म्हणजे वाचून, मग दुसऱ्या भागातल्या त्या तळघरात गेलो. ताई, मला माउस सोडून उठावं लागलं. मूळ लेखकांनी लिहिलेला प्रसंग तोच, एक अक्षर बदललेलं नाही, पण त्याला वजन आलं ते मागाहून घातलेल्या शब्दांनी. तोंडात शब्द घातले म्हणून पात्र मेलं नाही, उलट त्याचं मरण मला लागलं.

तांत्रिक बाजूही सांगून ठेवतो कारण ती महत्त्वाची आहे. त्या गेमची सगळी वाक्यं एकाच मोठ्या फायलीत असायची. आधी एखाद्याचा मॉड टाकला की ती फाइलच बदलायची, दुसऱ्याचा टाकला की पहिल्याचा गेला. मग वायडू नावाचं साधन आलं, ते अख्खी फाइल न बदलता तिच्या शेवटी नवीन वाक्यं जोडतं आणि संवादाच्या झाडाला मधेच फांदी लावतं. तेव्हापासून वीस जणांचे मॉड एकत्र नांदायला लागले. आणि ते जमलं कारण बहुतेक संवाद नुसता मजकूर होता. स्कायरिममध्ये प्रत्येक वाक्याला आवाज आहे, तिथेच खरी अडचण सुरू होते.

कोकणी_भूत

काकांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंन. मी स्वतः क्रिएशन किटमध्ये, म्हणजे स्कायरिमचे मॉड बनवायच्या साधनात, एक साथीदार बनवतोय, दोन वर्षं झाली, म्हणून माझं ऐका.

आमच्याकडे दशावतार बघत मोठे झालो आम्ही. आख्यान ठरलेलं असतं, कोण राजा कोण राक्षस ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात, नट रंगमंचावर उभा राहून बोलतो. एकच आख्यान दोन कंपन्यांचं बघा, शब्द वेगळे, कुणी म्हणत नाही की तुम्ही पात्र बिघडवलं. मला संवादाचे मॉड्स तसेच वाटतात. आख्यान बेथेस्डाचं, बोलणं ज्याच्या त्याच्या कुवतीचं. चांगला नट असेल तर लोक पहाटेपर्यंत बसतात.

पण मेहनत काय आहे ती लोकांना दिसत नाही. एक साधी ओळ, समजा पाऊस पडायला लागल्यावर साथीदाराने काहीतरी म्हणायचं. त्याला अटी लावायच्या, बाहेर आहोत का, लढाई चालू नाही ना, हे वाक्य नुकतंच बोललाय का. मग आवाजाची फाइल, तिला ओठ हलण्याची माहिती जोडायची, नाव अचूक त्याच नमुन्यात द्यायचं, एक अक्षर चुकलं तर तोंड गप्प. माझी पहिली पन्नास वाक्यं गेममध्ये दिसायचीच नाहीत, आठवडा गेला, स्क्रिप्ट तीनदा नव्याने लिहिली. शेवटी कळलं की एसईक्यू नावाची एक छोटीशी फाइल बनवावी लागते, ती नसली तर गेम सुरू होताना चालू होणाऱ्या क्वेस्टमधले (मोहिमेतले) संवाद नीट जागेच होत नाहीत. फाइल टाकली, लोड केलं, आणि माझा मनुष्य व्हाइटरनच्या वेशीबाहेर उभा राहून पहिल्यांदा माझ्याशी बोलला. आवाज नव्हता, फझ-रो-डो मॉडमुळे नुसती अक्षरं वेळभर थांबत होती, तरी मी रात्री अडीच वाजता भावाला उठवून दाखवलं.

रानवेडी

दशावताराचं उदाहरण सुंदर आहे पण त्यातच माझं उत्तर आहे रे. तिथे नट समोर उभा असतो, तो स्वतःच्या जबाबदारीवर बोलतो. सेरानाचं, त्या व्हँपायर मुलीचं काय झालं बघा. स्कायरिमचा डॉनगार्ड हा वाढीव भाग, २०१२. तिचा आवाज लॉरा बेलीचा. स्कायरिममधली सगळ्यात जिवंत साथीदार तीच, उन्हात गेली की डोक्यावर टोपडं ओढते, घरात शिरली की खुर्चीत बसते. गळ्यात अ‍ॅम्युलेट ऑफ मारा घालून तिला लग्नाचं विचारलं तर ती नाही म्हणते. तिच्या आईबापांचा संसार कसा मोडला ते आपण पूर्ण मोहीमभर बघतो, आईने तिला गुहेत बंद करून ठेवलं, बापाला ती फक्त भविष्यवाणीपुरती हवी. त्या मुलीचं ते नाही म्हणणं हाच तिच्या पात्राचा कणा आहे. आणि लोकांनी काय केलं, तिला हो म्हणायला लावणारे मॉड्स केले.

हे विस्तार नाहीये. तिने एक उत्तर दिलं होतं आणि ते तुम्हाला आवडलं नाही म्हणून तुम्ही बदललंत.

मी_सातारकर

हे मान्य. लग्नाच्या मॉड्सबद्दल तू म्हणतेस ते मान्य, मी असा विचार केलाच नव्हता. पण सेराना डायलॉग अ‍ॅड-ऑन नुसता लग्नासाठी नाहीये, त्यात ती आईबद्दल, बापाबद्दल, एवढी वर्षं झोपून उठल्यावर जग कसं बदललंय त्याबद्दल बोलते. नवीन ओळी दुसऱ्या अभिनेत्रीने स्वतः बोलल्यात, लॉरा बेलीच्या जवळ जाणाऱ्या आवाजात. सांधा कानाला कळतो, खोटं नाही बोलणार, पण पाच मिनिटांत सवय होते.

आणि आता तर सांधाही राहणार नाही. एआयने मूळ आवाजाची हुबेहूब नक्कल होते, २०२३ पासून ढिगाने मॉड्स आलेत. मँटेला नावाचा एआय मॉड टाकला तर माइकवर बोलायचं आणि लिडिया तिच्याच आवाजात उत्तर देते, जे कुणी लिहिलेलंच नाही असं. मला तर वाटतं हेच पुढचं पाऊल आहे.

आवाजवाली

इथे मला थांबवावंसं वाटतं. मी डबिंग करते, मराठी-हिंदी दोन्ही, कार्टून, जाहिराती, अ‍ॅप्स. गेम मुलगा खेळतो, धागा त्याने दाखवला.

काही वर्षांपूर्वी एका कामासाठी मी चार तास वाक्यं रेकॉर्ड केली, सुटी सुटी, अर्थ नसलेलीही. पैसे मिळाले, विसरले. नंतर एके दिवशी रिक्षात एका मुलाच्या फोनवर माझाच आवाज ऐकला आणि तो जे बोलत होता ते मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. कर्ज वेळेत भरा असं काहीतरी दरडावून. दादा, ते कसं वाटतं ते मला नीट सांगताही येणार नाही. आपलाच गळा दुसऱ्याच्या हातात असल्यासारखं.

म्हणून तुमच्या या चर्चेत माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न जिचा आवाज आहे त्या बाईला विचारलं का, हा आहे. २०२३ मध्येच कलाकारांनी तक्रारी केल्या की त्यांचे आवाज नकलून अश्लील मॉड्स बनतायत. अमेरिकेत गेमसाठी आवाज देणारे लोक २६ जुलै २०२४ ला संपावर गेले आणि तो संप जवळजवळ वर्षभर चालला, मुख्य मागणी एआयपासून संरक्षण हीच. हे लोक काही तुमच्या छंदाच्या मुळावर उठलेले नाहीत. ज्या ओळीवर तुम्ही जीव टाकता ना, लिडियाची ती ओझ्याची ओळ, तो सूर कुणाच्या तरी गळ्यातून निघालाय.

थोरले_काका

आवाजवाली ताई, मग कापून-जोडून केलेल्या ओळींबद्दल काय म्हणाल? आर.डी.ओ. तेच करतो. तिथेही कलाकाराला कुणी विचारलेलं नाही. मला प्रामाणिकपणे रेघ कुठे मारायची ते कळत नाहीये.

आवाजवाली

ते वेगळं आहे असं मला तरी वाटतं, कारण तिथे प्रत्येक शब्द तिने त्याच गेमसाठी, त्याच पात्रासाठी, मोबदला घेऊन उच्चारलेला आहे. तुम्ही फक्त तो कुठे ऐकू येईल ते बदललंत. तरीही तिला दाखवून परवानगी घेतली असती तर मला जास्त आवडलं असतं. अगदी स्वच्छ उत्तर माझ्याकडेही नाही काका.

मी_सातारकर

ताई, रिक्षातलं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. एआयचा आवाज असलेले तीन मॉड्स होते माझ्याकडे, काढले. लिडिया पुन्हा कमी बोलायला लागली, ते जाणवतं, आणि मला ते अजूनही आवडत नाही. आर.डी.ओ. ठेवलाय, इनिगो तर राहणारच. रानवेडी, तुझी लिडिया तुझ्याजवळ राहू दे, पण मला ब्रीझहोममध्ये शिरल्यावर कुणीतरी विचारायला हवंय, कुठे होतास एवढे दिवस.

रानवेडी

मी नाही टाकणार, मत बदललेलं नाही. पण काकांच्या सांगण्यावरून खालिद-जाहिरावालं करून बघणार आहे. तिथे आवाज मी माझ्या मनात देऊ शकते ना.

कोकणी_भूत

आवाजवाली ताई, विचारू की नको असं झालंय पण विचारतो. माझ्या साथीदाराच्या एकूण बाराशे ओळी आहेत आणि तो मालवणीच बोलतो, खाली इंग्रजी अक्षरं. त्याची एक आई आहे, मोर्थलला राहते, फक्त चाळीस ओळी. तिला आवाज नाहीये. मोबदला फार देऊ शकणार नाही, पण नाव तुमचं, आणि तुमचा आवाज दुसऱ्या कशालाही वापरणार नाही हे लिहून देतो.

आवाजवाली

मालवणी माझी पक्की नाही, सासर देवगडचं आहे, सासूबाईंकडून उच्चार बसवून घेईन. आधी चाळीस ओळी पाठव, आणि प्रत्येकीसमोर लिही की ती कुणाकडे बघून बोलतेय, मुलगा दारात आहे की निघालाय. त्याशिवाय सूर लागत नाही.