वजनासाठी पोटात बलून: कोणी घेतला आहे का? सल्ला हवा

मंजिरी_नाशिक
नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय 41, उंची 5 फूट 8 इंच, वजन 108 किलो. फॅटी लिव्हर आहे, साखर काठावर आहे, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावून झोपतो. डाएट, जिम सगळं करून झालं. वजन उतरतं आणि पुन्हा चढतं. ऑपरेशनचं नाव काढलं की तो विषयच बदलतो.

आता एका डॉक्टरांनी पोटात बलून ठेवायचं सुचवलं आहे. एक एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून ठेवायचा, सहा महिन्यांनी काढायचा. दुसरा कॅप्सूलसारखा गिळायचा. त्रास कितपत होतो? वजन परत येतं का? मेडिक्लेममध्ये बसतं का? आणि आतड्यात नळी घालून शुगर कमी करतात असं मागे कुठेतरी वाचलं होतं, ते अजून मिळतं का?

पिंपळपान
मी घेतला होता, एंडोस्कोपीवाला. पहिले काही दिवस फार वाईट जातात, हे भावाला आधीच सांगून ठेवा. मळमळ, उलट्या, पोटात मुरडा. पाणीसुद्धा घोटघोट प्यावं लागतं. मला सलाईन लावावं लागलं होतं. आठवड्याभरात पोट शांत होतं. मग पेज, मुगाचं कढण, पातळ ताक, नंतर मऊ भात, असं हळूहळू वाढवत न्यायचं. ऑफिसला रजा टाकूनच जा आणि त्या आठवड्यात घरात कोणीतरी सोबत असू द्या.

वजन चांगलं उतरलं. भूक खरंच कमी लागायची, अर्ध्या पोळीत पोट भरायचं. पण उतरलं ते बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. नंतर पोटाला सवय होते.

एंडो_रूम
मी एंडोस्कोपी विभागात काम करतो, डॉक्टर नाही. जे रोज बघतो ते लिहितो.

एंडोस्कोपीने ठेवायचा बलून सिलिकॉनचा असतो. रिकामा आत नेतात आणि साधारण 400 ते 700 मिली सलाईन भरतात. ऑर्बेरा हा त्यातला जुना, जास्त वापरलेला. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) त्याला 2015 मध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 30 ते 40 असलेल्यांसाठी, जास्तीत जास्त सहा महिन्यांकरता मान्यता दिली. त्या चाचणीत सहा महिन्यांत सरासरी 10 टक्के वजन कमी झालं होतं, बलून न ठेवलेल्यांचं 3 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुमच्या भावाचे 11 किलोच्या जवळपास. जाहिरातीतले आकडे बाजूला ठेवा, हा धरून चाला.

सलाईनमध्ये बऱ्याचदा निळा रंग मिसळतात. बलून फुटला तर लघवी निळी-हिरवी होते. तसं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण रिकामा बलून आतड्यात सरकून अडकू शकतो. अ‍ॅसिडिटीची गोळी बलून असेपर्यंत रोज, न चुकता, नाहीतर अल्सर होऊ शकतो.

गिळायच्या बलूनला बारीक नळी जोडलेली असते. एक्स-रेने जागा बघतात, सुमारे 550 मिली द्रव भरतात, नळी ओढून काढतात. साधारण चार महिन्यांनी तो आपोआप रिकामा होऊन शौचावाटे जातो. भूल लागत नाही हा मोठा फायदा. पण त्याआधी पोट आतून पाहिलं जात नाही. भावाला जळजळीचा जुना त्रास असेल तर आधी एंडोस्कोपी करून घ्या असं मी म्हणेन.

धोका कमी आहे, पण शून्य नाही. 2017 मध्ये एफडीएने डॉक्टरांना दोनदा पत्रं पाठवली. एकदा बलून आपोआप जास्त फुगणं आणि स्वादुपिंडाला सूज येणं याबद्दल, नंतर बलून ठेवलेल्या काही रुग्णांच्या मृत्यूंबद्दल. मृत्यूंचं नेमकं कारण तेव्हा ठरलेलं नव्हतं. म्हणून पोट सतत दुखलं, आठवड्यानंतरही उलट्या थांबल्या नाहीत, तर 'होईल कमी' म्हणत घरी बसायचं नाही.

आतड्यातली नळी म्हणजे एंडोबॅरियर. 60 सेंटीमीटरचं प्लास्टिकचं अस्तर, जठराच्या पुढे अडकवायचं, म्हणजे अन्न आतड्याच्या त्या भागाला लागतच नाही. शुगर उतरायची. पण यकृतात गळू होण्याचं प्रमाण जास्त निघालं, अमेरिकेतली चाचणी 2015 मध्ये थांबवली आणि 2017 मध्ये युरोपातली मान्यताही गेली. त्याचा नाद सोडा.

सुलभा_आहार
मंजिरीताई, मी आहारतज्ज्ञ. माझा एकच आग्रह आहे: बलून निघाल्यानंतर काय, हे बलून ठेवायच्या आधी ठरवा. बलून आत असताना भूक कमीच असते, तेव्हा कोणीही थोडं खातो. त्या महिन्यांत जेवणाची वेळ, प्रथिनं, सावकाश चावणं, रात्रीचं उशिरा खाणं, हे बसवायचं असतं. डाळ, अंडं, पनीर आधी, भात-पोळी नंतर. आणि आठवड्यातून दोनदा तरी वजनं उचलायचा व्यायाम, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

पॅकेजमध्ये आहारतज्ज्ञ किती महिने आहे ते विचारा. बलून काढल्याच्या दिवशी त्यांचं काम संपत असेल तर तिथे करू नका. पुढचं वर्ष जास्त अवघड असतं.

हिशेबी
मेडिक्लेमचं सांगतो. लठ्ठपणाच्या सर्जरीसाठी पॉलिसीत सहसा हे कलम असतं: बीएमआय किमान 40, किंवा किमान 35 आणि सोबत तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं), हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला टाइप 2 मधुमेह; शिवाय साधे उपाय करून झालेले असावेत. भावाचा बीएमआय 36 येतो. म्हणजे स्लीप स्टडीचा रिपोर्ट 'तीव्र' असेल तर ऑपरेशनचा खर्च मिळण्याची शक्यता आहे, बलूनचा मात्र बहुधा खिशातून. पैसे भरायच्या आधी कंपनीकडून लेखी घ्या. आणि पॅकेजमध्ये बलून काढायचा खर्च, भूलतज्ज्ञ, मध्येच काढावा लागला तर काय, हे कागदावर लिहून घ्या.

एंडो_रूम
हिशेबींनी महत्त्वाचं सांगितलं. आपल्याकडे लठ्ठपणासोबत दुसरे आजार असतील तर 32.5 बीएमआयपासूनच सर्जरीचा विचार करतात. तेव्हा भावाला निदान एकदा बॅरिएट्रिक (लठ्ठपणाच्या) सर्जनशी बोलायला लावा. नुसतं बोलायला. भीतीपोटी तो पर्याय न ऐकताच सोडू नये. मार्च 2025 पासून भारतात वजन कमी करणारं टिर्झेपटाइडचं इंजेक्शनही मिळतं. मोठ्या डोसने दीड वर्षाच्या आसपास सरासरी 20 टक्के वजन उतरल्याचं चाचणीत दिसलं आहे. तेही बंद केलं की वजन परत येऊ लागतं, पण बलूनआधी त्याचा विचार झालाय का, हे त्या डॉक्टरांना जरूर विचारा.

मंजिरी_नाशिक
खूप आभार सगळ्यांचे. स्लीप स्टडीचा रिपोर्ट आजच शोधते. एक राहिलं: तो रोज इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन) घेतो, चालेल का?

एंडो_रूम
ताई, हे पहिल्याच भेटीत सांगा. अ‍ॅस्पिरिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, दुखण्यावरच्या गोळ्या आणि पोटातला बलून, यांनी अल्सर आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका वाढतो. पण आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांनी सुरू केली त्या हृदयाच्या डॉक्टरांचं आणि बलूनवाल्या डॉक्टरांचं आपसात बोलणं होऊ द्या. पोटाचं आधी ऑपरेशन झालं असेल किंवा मोठा हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) असेल तर तेही सांगा, मग बलून ठेवतच नाहीत.